कडी वाजली की दिवा लागावा

माझा घसा कधी बसायला लागला ते नेमकं सांगता यायचं नाही. यांचे कान काही एका दिवसात गेले नाहीत, आणि माझा घसाही एका दिवसात बसला नाही. दोन्ही बरोबरीनेच झालं म्हणा. हे चाळीस वर्षं लूमचे, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांचे, मिस्त्री होते. दिवसभर लूमच्या रांगांमधून फिरायचं आणि कुठल्या मशीनचा आवाज बिघडलाय ते कानाने ओळखायचं, हेच त्यांचं काम. ज्या कानांवर घर चाललं ते कान त्याच कामात झिजून गेले. आधी हळू बोललेलं ऐकू येईना, मग फोनवरचं, मग दाराची कडी, आणि शेवटी मी. कानाचं यंत्र आणलं होतं. ते घातलं की भांड्यांचं दुकान डोक्यात पडल्यासारखं होतं म्हणायचे, आणि डबीत ठेवून द्यायचे. ती डबी अजून देवघराखाली आहे.

तर यांना काही सांगायचं म्हणजे ओरडायचं. जेवायला चला, हे तीनदा. दूध उतू जातंय, हे त्यांना कळेपर्यंत दूध ओट्यावरून खाली आलेलं असायचं. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईला किती दिवस वाटत होतं की आमचं रोज भांडण चालतं. मी तिला म्हटलं, बाई, भांडायला तरी ताकद कुठे आहे. आणि ओरडून बोलायचं म्हटलं ना, की माणूस फक्त कामाचं बोलतो. गोळी घेतली का, पाणी तापलंय, बनियन बदला. एखादी गंमत कोण ओरडून सांगेल? ओरडता ओरडता ती गंमतच राहत नाही. असं करत करत आमच्यात जेवण, औषध आणि अंघोळ एवढंच बोलणं उरलं होतं.

आमचं घर इतवारा मोहल्ल्यात, गल्लीच्या आतल्या अंगाला. भिंतीला भिंत लागून लूमचा कारखाना. मुलगा केळीच्या गाड्या भरून रवाना करायच्या कामावर, तो उजाडायच्या आत जातो. सून एका शाळेत शिकवते. नात तेव्हा अकरावीत होती. म्हणजे दहा ते चार घरात हे आणि मी, दोघंच. दार जुनं, दोन फळ्यांचं, बाहेरून जाड लोखंडी कडी. बेल होती एकदा, पण आमच्या गल्लीत बेल दाबायची कुणाला सवयच नाही, हात आपसूक कडीकडे जातो. ती वाजवायची, आतून कुणी ओ दिली की थांबायचं. दार उघडं टाकावं तर बकऱ्या. गल्लीतल्या बकऱ्यांना आमचं घर फार आवडतं. एकदा एकीने सुनेच्या तपासायच्या उत्तरपत्रिका खाल्ल्या, आणि त्या मुलांना मार्क काय द्यायचे यावर घरात दोन दिवस चर्चा चालली होती. तेव्हापासून यांनी नियमच केला. आत आलं की आतून कडी.

आता कडी आतून लावणारा माणूसच जर बाहेरची कडी ऐकत नसेल, तर दुसरं कुणीतरी घरात असायलाच हवं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. पंधरा वर्षं मी या घराचा कान होते. भाजीला गेले तरी यांना परत यायची वेळ सांगून, आणि पावलं घाईची. देवळात गेले तरी डोक्यात तेच, की कुणी आलं असेल तर.

एकदा फक्त उशीर झाला. दवाखान्यात माझ्या गुडघ्याचा फोटो काढायचा होता, तिथे रांग होती. इकडे नातीला शाळेत ताप भरला म्हणून तिला लवकर सोडलं. पोरगी घरी आली, कडी वाजवली. पुन्हा वाजवली. शेजारच्यांनी हाका मारल्या, कुणी खिडकीवर खडे मारले. हे आत खुर्चीवर पेपर वाचत होते, दाराकडे पाठ करून. मी परत आले तेव्हा ती पायरीवर बसलेली, डोकं दाराला टेकवून, ऊन अंगावर आलेलं, चेहरा लालबुंद. दीड तास. शेवटी हे पाणी प्यायला उठले, खिडकीत माझा हात हलताना दिसला, तेव्हा दार उघडलं आणि यांना कळलं. नुसते तिच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. त्या दिवसापासून मी भाजीलाही जाईनाशी झाले. भाजीवाला गल्लीत येईल ती भाजी.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

त्या वर्षी माझी मोठी बहीण, मी तिला जिजी म्हणते, तुकईथडला तिच्या ओट्यावरून पडली. पायाला प्लास्टर. जिजीने मला लहानाचं मोठं केलं, आई नव्हती आम्हाला. तिचे मुलगे-सुना शेतात, घरात ती एकटी खाटेवर. रोज दुपारी फोन यायचा.

"कव्हा येतेस व तू?"

"येते जिजी, जरा इकडचं बघून."

"इकडचं काय बघतीस. मी गेल्यावर येशील मग, तेराव्याचं जेवण करून जाशील." आणि मग मधेच, "तुमच्या घरात का पिठाची गिरण चालू हाये व? कव्हाबी फोन केला तं खडखड खडखड."

"कसली गिरण, जिजी. काही नाही."

हे मी खरंच मनापासून म्हणत असे. ते लक्षात ठेवा.

जाणं शक्य नव्हतं. आठ दिवस नाही, चार दिवसही नाही. सून म्हणाली मी सुट्टी घेते, पण तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. मी नुसतं पुढे ढकलत होते. ढकलून ढकलून मला जिजीचा फोन वाजला की नको वाटायला लागला, हे मी आज कबूल करते.

अशात नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन निघालं. सरांनी प्रत्येक गटाला एक निळा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दिला, तळहाताएवढा. तिच्या गटातल्या दुसऱ्या मुलीने मधेच वेगळा विषय धरला, म्हणून बोर्ड एकटीकडे आला. टिफिनच्या रिकाम्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ती तो घरी घेऊन आली, जसा काही अंड्यांचा डबा.

"आजी, याच्यात आपण जे लिहू ते हा करतो."

"म्हणजे मोबाइलसारखं?"

"नाही गं. याला काहीच येत नाही. एकेक गोष्ट सांगावी लागते. एकदम बुद्धू आहे हा."

"तीनतीनदा सांगावं लागतं का?"

"एकदाच. पण बरोबर सांगावं लागतं."

मी म्हटलं, मग आपल्या घरात हा सगळ्यात शहाणा झाला.

तिने काय करायचं ठरवलं होतं ते तिने त्याच दिवशी सांगितलं. बोर्डाला आवाज ओळखणारा एक छोटा पुर्जा जोडायचा, तो दाराजवळ ठेवायचा, आणि कडी वाजली की आबांच्या, म्हणजे यांच्या, खुर्चीसमोर दिवा लागायला हवा. "मग तू जिजीआजीकडे जा," ती म्हणाली. पायरीवरच्या दीड तासाबद्दल एक शब्द नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले. कांदा चिरायचा नव्हता, तरी चिरला.

तिच्या मामाने एक जुना लॅपटॉप दिला होता, त्याची बॅटरी गेलेली. वायर लावली तरच चालायचा, आणि वीज गेली की तोही जायचा, लिहिलेलं घेऊन. ती दुपारी साडेचारला घरी यायची आणि सात वाजेपर्यंत आम्ही दोघी दाराच्या आतल्या ओट्यावर बसायचो, ती खाली, मी पाटावर, गुडघा लांब करून. पहिले तीन दिवस तर बोर्ड लॅपटॉपला दिसेचना. "हा मला ओळखतच नाही," ती रडकुंडीला यायची. शेवटी सरांनी सांगितलं की ती जी वायर लावते ती नुसती मोबाइल चार्ज करायची आहे, तिच्यातून करंट जातो, निरोप जात नाही. तीन दिवस आम्ही त्याला नुसतं जेवू घालत होतो, आणि वर विचारत होतो, बोलत का नाहीस.

नवीन वायर आली आणि बोर्डावरचा मोहरीएवढा दिवा लुकलुकायला लागला. एवढंच. लागायचा, विझायचा. आम्ही दोघी तो बघत बसलो.

मला इंग्रजी येत नाही. मराठी मी पुड्यांच्या कागदांवर शिकले, शाळेत नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरात बसून चरख्यावर कांड्या भरायचे. कांडी म्हणजे ती छोटी लाकडी नळी, तिच्यावर सूत भरून ती मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवतात. हात फिरत असायचा आणि डोळे रिकामे, म्हणून किराण्याच्या पुड्या सोडवून वाचत बसायची. पण नातीने प्रोग्रॅम समजावला तो मला कळला. त्याला दोन भाग असतात म्हणाली. एक सुरुवातीला एकदाच करायचं. दुसरं, वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, तेच. तो दुसरा भाग मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी म्हटलं, हा भाग बाईने लिहिलेला दिसतो.

एक काम मात्र मला खरंच जमायचं. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण लागते, वर टिंब, खाली स्वल्पविराम. ती राहिली की सगळं अडतं. ती दमली की ती खूण हटकून राहायची. "ये देखो, फिर से अटक गया," असं शाळेतल्या हिंदीत म्हणून ती डोकं धरून बसायची. मी चष्मा लावून नुसते ओळींचे शेवट बघत खाली जायची. काय लिहिलंय ते नाही, शेवटी काय नाही ते. चरख्यावर तेच तर केलं आयुष्यभर. सूत चालू असताना कोण बघतं, तुटलं की दिसतं.

हे तिकडे खुर्चीवर. अधूनमधून चष्म्यावरून बघायचे. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं काय चाललंय. सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि एवढं सगळं कोण ओरडून सांगेल, आवाजाचा पुर्जा, बोर्ड, प्रदर्शन. झालं की दाखवू, असं ठरलं होतं. खरं तर ठरलंही नव्हतं. राहून गेलं होतं.

एका शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, त्या दिवशी तिने आवाजाचा पुर्जा जोडला. लॅपटॉपवर आकडे धावायला लागले. गप्प असलो की चाळीस, पन्नास. कडी वाजवली की तीनशे. मग तिने लिहिलं की दोनशेच्या वर गेला की दिवा लाव. मी बाहेर गेले, कडी वाजवली, आत आले. दिवा लागलेला. पोरीने मला मिठी मारली, गुडघ्याचा विचार न करता. मी लगेच जिजीला फोन केला, म्हटलं येते, पुढच्या आठवड्यात येते.

शनिवारी ती शाळेतून आली, बोर्ड चालू केला, आणि दिवा लागला. कुणी कडी वाजवलेली नाही. बंद केला, चालू केला. पुन्हा लागलेलाच. कुणी नाही दारात आणि दिवा आपला जळतोय. तिला वाटलं पुर्जा बिघडला. रविवारी तेच. सोमवारी तिने सगळा प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहिला, मी ओळींचे शेवट बघितले, सगळे जागच्या जागी होते. तेच. सरांकडून दुसरा पुर्जा आणला. शाळेत लावून बघितला तर उत्तम. घरी आणला की वेडा. गुरुवारपर्यंत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. सून म्हणाली, सोड आता, दुसरा सोपा विषय घे. मी जिजीला म्हटलं, थोडं लांबलंय. बरं, म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी तिने सहज वायर लावली. एकदम बरोबर. कडी वाजवली, लागला. थांबली, विझला.

सून देवापाशी होती, तिचा शुक्रवारचा उपास. ती म्हणाली, "बघा, देवीचा वार आहे."

"मग शनिवारी काय देवी सुट्टीवर जाते?" नात चिडून म्हणाली.

शनिवारी पुन्हा तेच. आता तर घरात चेष्टाच सुरू झाली. मुलाने घरी आल्या आल्या विचारलं, आज काय, यंत्राचा उपास आहे का? पोरगी कुणाशी बोलेना. प्रदर्शनाला नऊ दिवस राहिले होते. मी तिच्याजवळ बसले होते आणि जिजीचा फोन आला. मी उचलला. पहिलं वाक्य,

"बंद कर ना व ती गिरण. मले काही ऐकू येत नाही."

"जिजी, गिरण नाही म्हटलं ना."

"मग काल नव्हती ती. काल कसं साफ ऐकू आलं."

काल शुक्रवार होता.

मी फोन खाली ठेवला. नात माझ्याकडे बघायला लागली. शुक्रवारी कारखाने बंद असतात, सगळ्या गल्लीला माहीत आहे. भिंतीपलीकडे लूम चालतात, खटखट खटखट, सकाळपासून, चाळीस वर्षं. आणि आम्हाला ते ऐकूच येत नाही. नातीचा तर जन्मच त्या आवाजात झालेला. आम्ही गप्प बसून म्हणत होतो की घरात शांतता आहे, आणि तो बिचारा बोर्ड आम्हाला आठवडाभर सांगत होता की नाही. बहिरे एकटे हेच नव्हते. घरातले सगळेच होतो. यांना तेवढा डॉक्टरने कागद दिला होता.

कळलं म्हणून सुटलं असं मात्र झालं नाही. तिने आकडा वाढवला, दोनशेचा चारशे केला. तर लूमचा आवाज तेवढा गेला, पण कडीही गेली. मी कडी इतकी बडवली की समोरच्या घरातली बाई धावत आली. दिवा ढिम्म. मग तिने हादरा ओळखणारा पुर्जा मागून आणला, दाराला चिकटवला. तर लूमने आमची जमीनच हलते, हेही आम्हाला तेव्हा कळलं. ताटलीतलं पाणी बघितलं तर त्यावर बारीक सुरकुत्या. इतकी वर्षं त्या जमिनीवर झोपलो. ती म्हणाली, "आजी, नहीं होगा अपने से," आणि बोर्ड डब्यात घालून झाकण लावलं.

मला तिची समजूत घालायचीही ताकद नव्हती. सांगते ते खरं सांगते. मला वाटलं, बरं झालं, संपलं एकदाचं. जिजीला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करायला लागले.

तेव्हा हे खुर्चीवरून उठले. डबा उघडला, बोर्ड हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"रेडिओ होत नाही का दुरुस्त?" म्हणाले.

म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं आम्ही रेडिओ दुरुस्त करतोय. मला हसू येईना आणि रडूही. मी तोंड उघडलं ओरडायला आणि घशातून आवाजच निघाला नाही. तेव्हा नातीने तिची वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लागली. आबा, हा तुमच्यासाठी आहे. कडी वाजली की तुमच्यासमोर दिवा लागणार होता. पण लूमच्या आवाजात त्याला कडी ऐकू येत नाही.

त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. पुन्हा वाचलं. लिहून सांगावं हे आम्हाला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण ओरडायची एकदा सवय लागली की ओरडणंच सुचतं.

"ऐकायला कशाला लावता त्याला?" हे म्हणाले. "लूम काय ऐकून थांबतं का?"

नातीने वहीत लिहिलं, मग कसं?

"धागा तुटला की लूम थांबतं. कसं कळतं त्याला? छोटा काटा असतो. तो दर फेरीला चाचपतो, धागा आहे का, आहे का, आहे का. नसला की थांबवतो. तिथे कान काय कामाचे." मग ते सरळ दाराकडे गेले, बाहेरची कडी उचलून दाखवली. "ही लटकते तेव्हा दाराला टेकते. वाजवायची म्हटलं तर आधी उचलावी लागते. उचलली की टेकत नाही. एवढंच बघ म्हणावं तुझ्या यंत्राला. आहे का. नाही का."

तिने बोर्ड त्यांच्या हातातून घेतला होताच. कडी जिथे टेकते तिथे पितळी पट्टी, त्यांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीतून निघाली. एक वायर पट्टीला, एक कडीला. पाच दिवस आजोबा आणि नात दाराशी बसून होते. ती वहीत लिहायची, ते तोंडाने उत्तर द्यायचे. लूमच्या हादऱ्याने कडी थरथरायची आणि दिवा उगाच मिचकायचा, तर हे म्हणाले, एकदा सुटलं तर हादरा असेल, नाहीतर बकरी घासून गेली असेल. लागोपाठ तीनदा सुटलं की माणूस. तिने तसं लिहिलं. मोजायला शिकवलं त्याला. प्रत्येक वेळी कडी उचलली की दिवा एकदा मिचकेल, आणि तीनदा झालं की लागूनच राहील, दार उघडेपर्यंत. वीज गेली तरी चालावा म्हणून मुलाने त्याची पॉवर बँक दिली. ओळींचे शेवट मीच बघितले. तीन ठिकाणी खूण नव्हती.

प्रदर्शनात दार नेता येईना, म्हणून तिने एका फळीवर दुसरी कडी ठोकून नेली. तपासायला आलेल्या बाहेरच्या एका सरांनी विचारलं, यापेक्षा आवाज ओळखणारा पुर्जा वापरला असता तर जास्त आधुनिक वाटलं असतं, नाही का. ती म्हणाली, वाटलं असतं सर. बक्षीस काही मिळालं नाही. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र आहे, सुनेने फ्रिजला चिकटवलंय.

बोर्ड परत दारावर बसला, आणि दुसऱ्या दिवशी मी तुकईथडच्या बसमध्ये बसले.

जिजीकडे सहा दिवस राहिले. तिचं डोकं धुतलं, वेणी घातली, तिच्या खाटेजवळ बसून शेंगा फोडल्या. पहिले दोन दिवस माझा आवाज आपोआप चढायचा. जिजी म्हणायची, "मी पाय मोडून बसली व, कान नाही." तिथे इतकी शांतता की कोंबडी चालली तरी कळायचं. मी खूप झोपले. दुपारी झोपले, संध्याकाळी झोपले. जिजी इतरांना सांगायची, माझी शुश्रूषा करायला आली आणि मीच हिला चहाला उठवते. खोटं नव्हतं. फोन करून घरचं विचारायचे, नात म्हणायची, सब ठीक है आजी, गॅसवाला आला होता, आबांनी उघडलं.

परत आले ती दुपारची वेळ होती. ऑटोने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. पिशवी जड, जिजीने केळीचा अर्धा घड कोंबला होता. गुडघा बोलत होता. दाराशी आले, आणि पहिल्यांदाच त्या कडीची मला भीती वाटली. आत हे एकटे. सगळं बरोबर चालतं हे मी फोनवर ऐकलं होतं, पण फोनवर मीही जिजीला काय काय सांगितलं होतं.

कडी वाजवली. थांबले. शेजारी लूम चालू होते. ते आता मला ऐकू येत होते, सहा दिवसांनी, आणि खरंच, गिरणीसारखा आवाज होता.

आतून पावलं आली. कडी निघाली. दार उघडलं ते पिशवीकडे हात पुढे करूनच उघडलं, जसं काही आधीच माहीत होतं.

"मला वाटलंच तू असशील," हे म्हणाले. "पोरगी धडाधडा वाजवते, पाच-सहा. गॅसवाला तीन मोजून वाजवतो. तू दोन वाजवतेस, थांबतेस, मग एक. तो दिवा तसाच मिचकला." मग पिशवी उचलत, "नवीन नवीन होतीस तेव्हापासून तशीच वाजवतेस. मी आतून उठायचो तेव्हा, मधे तू थांबलीस की."

हे मला माहीत नव्हतं. मी अशी वाजवते हेच माहीत नव्हतं.

काहीतरी बोलावंसं वाटलं. पण बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि दारात उभं राहून ते काय ओरडायचं. मी चप्पल काढली, पायरीला धरून आत आले, खुर्चीवर बसले, त्यांच्याच. समोर तो दिवा होता, डबीएवढा, पांढरा. आता विझलेला.

"जेवलात का?" मी विचारलं.

"काय?"

वही ओट्यावरच होती. मी हात लांब केला, पण ती लांब होती, आणि मला उठवेना.

"जेवलात का," मी ओरडले.

"हो," ते म्हणाले, "तू बस."